टाचणीची बारावी फाइल

एक_शेवटचं

टाचणी या नावाने गाणी सोडणाऱ्या मुलीला आजवर कुणी पाहिलेलं नाही, असं तिचे चाहते सांगतात. हे खरं नाही. तिला रोज साधारण वीस गिऱ्हाइकं पाहतात. सकाळी ती आईच्या अल्टरेशनच्या दुकानात काउंटरवर बसते, पँटची उंची घेते, पावतीवर काम लिहून पावती कपड्याला टाचते आणि "गुरुवारी" म्हणते. वार कुठलाही असो, ती गुरुवारीच म्हणते, कारण आईने तसं सांगून ठेवलंय.

दुपारी तीननंतर ती मागच्या खोलीत जाते. मध्ये दार नाही, पडदा आहे. पडद्याच्या अलीकडे आईचं ओव्हरलॉक मशीन, पलीकडे हिचा लॅपटॉप आणि चिंध्यांची तीन पोती. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही.

ती जे करते त्याला हायपरपॉप म्हणतात. आवाज इतका वर चढवायचा की तो माणसाचा उरत नाही, खाली पत्रा फाडल्यासारखा ताल घालायचा, आणि एवढं करून गाणं गोड लागलं पाहिजे. पहिलं गाणं तिने स्वतः म्हटलं. तिचा आवाज कितीही वर नेला तरी तक्रारअर्ज वाचल्यासारखाच लागायचा. ते गाणं नऊ जणांनी ऐकलं. त्यातला एक मावसभाऊ होता. त्याने कौतुक केलं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी गाण्याचं.

दोन_शेवटचं_खरंच

सात जणांनी ऐकलं. मावसभाऊ त्यात नव्हता.

तीन_शेवटचं_आईने_पडदा_सरकवला

रेकॉर्डिंग चालू असताना आईने पडदा सरकवला आणि म्हणाली, "अगं, किती वेळा सांगू, जेवण झाकून ठेवलंय, उचलून घे." मग पडदा पडला आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

टाचणी ते पुसायला बसली होती. पुसण्याआधी तिने सहज आईचं वाक्य सात पट्ट्या वर चढवून पाहिलं, "उचलून घे" चे चार तुकडे केले, आणि त्यांच्याखाली तिच्याच रेकॉर्डिंगमध्ये शिरलेलं ओव्हरलॉक तसंच ठेवलं. मग ती ते पुन्हा पुन्हा ऐकत बसली. जेवण गार झालं.

ते गाणं नव्वद हजार लोकांनी ऐकलं. हे विरहाचं गाणं आहे असं बहुतेकांचं मत पडलं. एका मुलीने मनगटावर "झाकून ठेवलंय" असं गोंदवून घेतलं आणि फोटो टाकला.

चार ते अकरा

त्यानंतर काम सोपं झालं. तीनला माइक चालू करायचा, सातला बंद करायचा, आणि मधल्या वेळात आई जे बोलेल ते चाळून घ्यायचं. आई चांगली बोलायची. म्हणजे ती काही ठरवून बोलायची नाही.

"चेन बसणार नाही, कापड तुटेल."

"तो दिवा कुणासाठी जळतोय?"

"कोण आलं होतं? कोणी नाही? मग दार कुणी वाजवलं?"

यातलं शेवटचं इतकं गाजलं की तीन लोकांनी त्याचा अर्थ सांगणारे व्हिडिओ केले. तिघांचे अर्थ जुळले नाहीत.

तालाचं काम ओव्हरलॉककडे होतं. ते मशीन जुनं होतं आणि दर अकराव्या टाक्याला अडखळून 'टक' करायचं. आईने मेकॅनिक आणून त्याला ते दाखवलं होतं. त्याने मशीन उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, काकू, तुम्ही दहालाच थांबत जा. चाहत्यांमधल्या एकाने हा अकरावा ठोका मोजून काढला आणि त्यावर चार पानी लेख लिहिला. त्याच्या मते तो मृत्यू होता.

टाचणी कोण, यावर फोरमवर रोज भांडणं होत. काही म्हणत तो पुरुष आहे. काही म्हणत तीन जणांची टोळी आहे. ती मुळी माणूसच नाही, एक प्रोग्रॅम आहे, असं म्हणणारे सगळ्यात ठाम होते. मुलाखतीसाठी आलेल्या पत्रांना टाचणीने उत्तरं दिली नाहीत. त्यात गूढ काही नव्हतं. सकाळी काउंटर, दुपारी गाणं, संध्याकाळी काजं-बटणं, यात मुलाखत बसत नव्हती.

आईला तिने सांगितलं नाही. नातेवाइकांनी विचारलं की आई म्हणायची, कॉम्प्युटरचं काहीतरी करते, पण करते मन लावून.

बारा_नवा_माइक

बारा गाण्यांचा अल्बम तेवीस तारखेला येणार, असं टाचणीने जाहीर केलं. अकरा तयार होती. बारावं आपण स्वतः म्हणायचं, अगदी साफ, असं तिच्या मनात आलं. निदान एका गाण्यात तरी आपण असावं. त्यासाठी तिने चांगल्यातला माइक घेतला. तो फक्त समोरचं ऐकायचा, आजूबाजूचं त्याला कळतच नसे.

तिने पहिली ओळ म्हटली आणि आईने पडदा सरकवला. निळ्या दोऱ्याचं रीळ पाहिलंस का, असं ती विचारत होती.

टाचणी म्हणाली, "आई, जरा गप्प बसशील का? माझं काम चालू आहे."

आई म्हणाली, "माझंही चालूच होतं."

हे वाक्य उत्तम होतं. ते रेकॉर्ड झालं नाही, कारण आई माइकच्या समोर नव्हती.

बारा_रिकामी (लांबी: शून्य सेकंद)

बारा_रिकामी_२ (लांबी: शून्य सेकंद)

आई गप्प बसली. ती कुठलंही काम अर्धवट करत नाही, तसंच हेही. तिने आदळआपट केली नाही, तोंड फुगवलं नाही. फक्त बोलणं बंद केलं. गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की ती त्याला बाहेर फुटपाथवर न्यायची, बोलणं संपवायची आणि आत आणायची. लोकांना वाटलं, आत रंगकाम चाललंय.

मुलीला काही सांगायचं असेल तर पावती. दुकानाच्या पावतीवर चार रकाने छापलेले होते, आई ते चारही भरायची.

*नाव: तू. कपडा: —. काम: दूध उतू जाईल. तयार: आत्ता.*

*नाव: तू. कपडा: टॉवेल. काम: वाळत घाल. तयार: काल.*

टाचणीने उपाय करून पाहिले. भरदुपारी सगळे दिवे लावून ठेवले. आई एकेक बटण बंद करत गेली. दूध मुद्दाम उतू घालवलं. आईने ओटा पुसला. शर्ट उलटा घालून ती आईसमोरून तीनदा गेली. चौथ्यांदा आईचा हात पाठीला लागला तेव्हा तिला वाटलं, जमलं. मग ती बँकेत जाऊन आली, आणि परत आल्यावर तिला पाठीवरची पावती सापडली. *काम: उलटा.*

शेवटी तिने पडद्यापाशी उभं राहून "सॉरी" म्हटलं. पलीकडे ओव्हरलॉक जोरात सुरू झालं. थोड्या वेळाने पडद्याखालून पावती सरकली. *काम: ऐकलं.* तयारच्या रकान्यात काही नव्हतं.

तिने मावशीला फोन केला. मावशी म्हणाली, बोलत नाही म्हणजे काय, माझ्याशी कालच तासभर बोलली की, सगळं तुझ्याबद्दलच. टाचणीने विचारलं, काय म्हणाली? मावशी म्हणाली, ते तिलाच विचार, मला तुमच्यात ओढू नका. आणि मग, तुझा आवाज असा का येतोय, असं विचारून तिने फोन ठेवला.

पहिले तीन आठवडे टाचणी वाक्यासाठी झुरत होती. बाराव्या गाण्याला एक वाक्य हवं होतं. चौथ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की माइक चालू न करताही आपण तीनपासून सातपर्यंत पडद्याकडे बघत बसतो.

नवं गाणं आलं नव्हतं, आणि फोरमवर या शांततेची फार तारीफ झाली. एवढा संयम आजकाल कुणाकडे आहे, असं चार पानी लेखवाल्याने लिहिलं.

बारा_जॅकेट

तेवीस तारखेला पाच दिवस उरले असताना, शुक्रवारी, एक मुलगी चंदेरी जॅकेट घेऊन आली. चेन बदलायची होती आणि बाह्या दोन बोटं आखूड करायच्या होत्या.

"गुरुवारी," टाचणी म्हणाली.

बुधवारी तेवीस आहे, त्याच्या आत हवंय, असं मुलगी म्हणाली. तेवीसला काय आहे, हे टाचणीने विचारलं नाही. आईने मुलीला खूण केली आणि दोघी फुटपाथवर गेल्या.

पुढचं टाचणीने काचेतून पाहिलं. आई मुलीच्या बाहीला टाचण्या लावत होती. मुलीने दुसऱ्या हातातल्या फोनवर काहीतरी लावलं. तीन टाचण्या लागल्या. चौथी आईच्या ओठांत राहिली. आईने मुलीचं मनगट धरून फोन आपल्या कानाशी नेला. मग बोटाने पुन्हा लाव म्हणून सांगितलं. मग आणखी एकदा.

आईने आवाज ओळखला नव्हता. इतक्या उंचीवर स्वतःचा आवाज कुणालाच ओळखता येत नाही. तिने मशीन ओळखलं. दहा टाके आणि टक. एवढं झाल्यावर मग तिने शब्द ऐकले.

मुलीने तिला सगळं सांगितलं. ही टाचणी म्हणून आहे, हिला कुणी पाहिलेलं नाही, कदाचित ती माणूसही नाही. आईने विचारलं, मग जेवते काय? मुलीला हा प्रश्न आवडला. तिने तो नंतर फोरमवर टाकला.

टाचणी उठून मागच्या खोलीत गेली. माइक बंद होता. सहा आठवड्यांत तो चालू करण्यासारखं काही घडलं नव्हतं, आणि आता हात लावायची हिंमत तिला झाली नाही.

आईने पडदा सरकवला.

"मायाच ठेवली नाहीस," ती म्हणाली.

शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड मोडून ठेवतात त्याला माया म्हणतात. ती ठेवली तर कपडा पुढे सैल करता येतो. न ठेवणारा शिंपी आईच्या मते शिंपीच नव्हे.

"बोलायच्या आधी मी श्वास घेते. तो कुठे गेला?"

"काढला. सगळेच काढतात."

"सगळे काढतात म्हणून तू काढलास. शब्दाला अगदी लगटून कात्री. आता ते वाक्य परत जोडता येणार आहे का?"

"नाही."

आई चिंध्यांच्या पोत्यावर बसली. "ती पोरगी म्हणते, हिला कुणी पाहिलेलंच नाही. मी तर रोज दुकानात असते."

टाचणीने लॅपटॉप मिटला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू गप्प बसली असतीस."

"आताही बसलेच की," आई म्हणाली.

मग ती उठली. जाता जाता वळून म्हणाली, की बारावं अजून आलेलं नाही म्हणे, असं ती पोरगी सांगत होती. दुपारी येऊन बोलू का, की आत्ताच घेतेस?

बारा_आई_मुद्दाम

आईने तोंड धुतलं, केस विंचरले, चष्मा पुसला आणि माइकसमोर ताठ बसली. "नमस्कार," ती म्हणाली. त्यानंतर वीस मिनिटं ती बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलली. शिवणकामाचं जीवनातील महत्त्व सांगितलं. कापड निवडताना घ्यावयाची काळजी सांगितली. "घ्यावयाची" हा शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा वापरला असावा. गिऱ्हाइकांचे आभार मानले. मुलीचं नाव न घेता तिला शुभेच्छा दिल्या.

टाचणी स्क्रीनकडे बघत होती. आवाजाची रेघ सरळ चालली होती, इस्त्री केल्यासारखी. यातलं एक अक्षर कामाचं नव्हतं. ते तिने आईला सांगितलं नाही. तसंच पुढे बोलत रहा, असं मात्र दोनदा सांगितलं.

आईचं सांगून संपलं. तिने हात मांडीवर ठेवले, मुलीकडे पाहिलं, श्वास घेतला आणि चष्मा काढत म्हणाली, "झालं?"

बारा_झालं

चार मिनिटं सहा सेकंद. ओव्हरलॉकचे दहा टाके आणि टक, असं सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्ये एकदा श्वास, मग "झालं?", मग चष्म्याची काडी मिटल्याचा आवाज. दोन्ही बाजूंना भरपूर माया. आवाज एक पट्टीही वर नेलेला नाही.

अल्बम ठरल्या तारखेला आला. अकरा गाणी लोकांनी डोक्यावर घेतली. बाराव्यावर नाराजी होती. यात टाचणी कुठेच नाही, कुणीतरी बाई भाड्याने आणून बसवलीय, असं चार पानी लेखवाल्याने लिहिलं, आणि या वेळी त्याने अर्ध्या पानातच आवरलं. गाण्याखाली एका मुलीची टिप्पणी होती: "ही बाई माझ्या जॅकेटच्या बाह्या करते. मंगळवारी जॅकेट घालून दाखवलं तेव्हा मला अस्संच म्हणाली." तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. दोघांनी हसण्याची खूण टाकली.

आई आता पूर्वीसारखी बोलते. पूर्वीपेक्षा जास्तच. गिऱ्हाइकांना फुटपाथवर नेत नाही. फक्त एक बदल झालाय.

"अगं, नळ कोण बंद करणार, शेजारचे?" असं ती पलीकडून म्हणते. मग मशीन थांबतं, पडदा चार बोटं सरकतो आणि आई हळूच विचारते, "हे घेतलंस?"

माइक कपाटात आहे. तो तिने त्या दिवसानंतर काढलेला नाही.

"घेतलं," टाचणी म्हणते.