उलट्या बाजूने वळलेली सायकल

मित्रांनो, बडोद्याच्या रावपुऱ्यात एका घराच्या जिन्याखाली, रिकाम्या पिंपाला टेकून मी उभी आहे. मी राजनंदिनीची सायकल. माझा रंग डाळिंबी होता, हे आता सांगावे लागते.

लुधियानाहून माझे भाग खोक्यांत भरून आले आणि इथल्या एका दुकानात मला जोडण्यात आले. तेव्हा गियरची सायकल म्हणजे नवलाईची गोष्ट होती. दुकानासमोर मुले थबकून उभी राहत. एके दिवशी पांढऱ्या मिशांचे धनाजीराव नातीला घेऊन आले. घरात सगळे त्यांना आबासाहेब म्हणत. त्यांचे वाडवडील संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. राजनंदिनी नुकतीच दहावी पास झाली होती. तिने माझ्या हँडलवर हात ठेवला आणि म्हणाली, "आबासाहेब, हीच."

आठवडाभरातच ती हात सोडून मला चालवू लागली. मला त्या वेगाचे फार कौतुक वाटे. गल्लीतली मुले टाळ्या वाजवत. आबासाहेब ओट्यावरून बघत आणि मिशीवर हात फिरवत.

त्या वर्षांत शहरातले रस्ते बघता बघता भरत गेले. स्कूटर आणि रिक्षा होत्याच, त्यांत नव्या नव्या मोटारी आल्या. रस्ता मात्र होता तेवढाच राहिला. मोटारवाले सायकलींना कडेच्या मातीत दाबत. म्हणून राजनंदिनीला वाटू लागले, की जो घुसेल त्याचाच रस्ता. ती रिक्षांच्या मधून सुईसारखी निघे. लाल दिव्याला थांबत नसे. कधी टेम्पोच्या फळीला धरून पेडल न मारताच लांबवर जाई. बघून चालव म्हणून मागून कुणी ओरडे, "ओ बेन, जोईने चलावो ने!" ती वळून नुसती हसे.

तिची आई कुसुमावती एकदा तिला म्हणाली, "नंदे, समोरच्याने ब्रेक लावला म्हणून तू घरी येतेस. एखाद्या दिवशी नाही लागला त्याचा ब्रेक, तर गं?"

"सूनबाई," आबासाहेब हसून म्हणाले, "घोडेस्वारांची पोर आहे ती. बिचकत चालवेल होय?"

हिवाळ्यातली ती संध्याकाळ मी विसरलेली नाही. राजनंदिनीला कारेलीबागेतल्या ट्यूशनला उशीर झाला होता. सर्कलला पुरा वळसा घालायचा कंटाळा करून तिने मला उलट्या बाजूने वळवले. समोरून एक स्कूटर येत होती. ती आपल्या बाजूने, बेताच्या वेगाने येत होती. चालवत होते रिफायनरीत नोकरी करणारे जनार्दन. मागे एका बाजूला पाय सोडून त्यांची बायको नलिनीबाई बसल्या होत्या. मांडीवर पुस्तकांची पिशवी होती. तिथल्या मराठी घरांतली मुले बाहेर गुजरातीच बोलत. त्यांना नलिनीबाई मराठी वाचायला शिकवायच्या, आणि त्या तिकडेच चालल्या होत्या.

जनार्दनांपुढे दोनच वाटा होत्या. एक आमच्या अंगावर, दुसरी दुभाजकावर. त्यांनी हँडल दुभाजकाकडे फिरवले.

मी आडवी पडले. माझे पुढचे चाक वाकले. राजनंदिनीच्या कोपरातून रक्त आले, बाकी तिला काही झाले नाही. स्कूटर घसरत गेली. नलिनीबाई दुभाजकाच्या पलीकडे फेकल्या गेल्या.

क्षणात लोक जमले. त्यांना दिसली रडवेली मुलगी आणि उलटलेली स्कूटर. तेवढ्यावरून त्यांनी निकाल दिला, की स्कूटरवाल्यानेच मुलीला उडवले.

"छोकरीने उडाडी दीधी! मारो एने!"

जनार्दनांची कॉलर कुणीतरी धरली. एकाने कानशिलात मारली. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मारी वाइफ... तिकडे बघा कुणीतरी... मला जाऊ द्या तिच्याकडे..." पण गर्दीत त्यांचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. दुभाजकापलीकडे पुस्तके विखुरली होती, आणि त्यांच्यामध्ये नलिनीबाई निपचित पडल्या होत्या. तिकडे कुणीच पाहत नव्हते. राजनंदिनी पाहत होती. मित्रांनो, ती बघत होती आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मग अचानक ती किंचाळली, "छोडो एमने! भूल मारी छे, माझी चूक आहे! मी उलटी आले होते!"

लोकांचे हात सैल पडले. जनार्दन दुभाजक ओलांडून धावले. तोवर व्हायचा तो उशीर होऊन गेला होता.

नलिनीबाई वाचल्या, पण शुद्धीवर आल्या त्या नुसत्या बघत राहिल्या. इकडे राजनंदिनीचे ओरडणे ज्यांच्या कानी पडलेच नव्हते, अशा बघ्यांच्या सांगण्यावरून पोलिसांनी जनार्दनांवरच गुन्हा नोंदवला. ते घरी कळले तेव्हा आबासाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "नोंद झालीच आहे, तर राहू दे. पोरीच्या जातीला पोलीस चौकीची पायरी नको. घराण्याचं नाव आहे."

कुसुमावती सासऱ्यांना कधी उलट बोलली नव्हती. त्या दिवशी तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "आबासाहेब, त्या माणसाने स्वतःची बायको रस्त्यावर टाकली आणि आपली पोर वाचवली. आता त्याने तुरुंगातही जायचं?" मग ती लेकीकडे वळली. "ऊठ. चप्पल घाल."

दोघी गेल्या. राजनंदिनीने आपल्या तोंडाने सगळे सांगितले. पुढे जनार्दनांवरचा गुन्हा काढून टाकण्यात आला. आबासाहेब त्यानंतर ओट्यावर बसेनासे झाले.

माझे चाक दुरुस्त झाल्यावर राजनंदिनी मला घेऊन सुभानपुऱ्यात जनार्दनांच्या घरी गेली. प्रत्येक चौकात उतरून, मला हाताने ढकलत ती चालली. मला जाळीच्या दाराबाहेर लावले होते, म्हणून आतले दिसत होते. नलिनीबाई खुर्चीत बसल्या होत्या. समोर चमचा होता. त्या चमच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कंगवा." मग स्वतःच ओळखले की हे चुकले, आणि त्यांचे डोळे भरून आले. डोक्याला लागलेल्या मारामुळे त्यांचे शब्द हरवले होते.

"काका, मला माफ करा," राजनंदिनी दारातूनच म्हणाली.

जनार्दन म्हणाले, "माफी मी कशी देऊ? ज्यांनी मारलं, त्यांचंही मला काही नाही. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, ते मात्र जात नाही मनातून." मग ते दार उघडून बाजूला झाले. "आलीस तर बस तिच्याजवळ. तिला मुलांची सवय आहे."

त्यानंतर राजनंदिनी दर रविवारी जाऊ लागली. ज्या पुस्तकांतून नलिनीबाई मुलांना शिकवत, त्यांतलेच शब्द ती त्यांना शिकवू लागली. पाणी. दार. झाड. काही परत आले, बरेचसे आलेच नाहीत. राजनंदिनीचे नाव तर त्यांच्या ओठांवर कधीच टिकले नाही. पुढे जनार्दन बदली घेऊन त्यांना दूर आपल्या भावाकडे घेऊन गेले, आणि ते रविवार संपले.

राजनंदिनीने मला पुन्हा बाहेर काढले नाही. ती नोकरीला लागली, बसने जाऊ लागली. माझ्या साखळीला गंज चढला, टायरला भेगा पडल्या. तक्रार नाही माझी. कुसुमावती कधी कधी येऊन माझी सीट पुसते आणि जिन्याने वर जाते.

तुम्ही सायकल चालवत असाल, किंवा उद्या मोटार चालवाल. लहान गाडीला सगळे माफ नसते, आणि मोठी गाडी म्हणजे गुन्हेगार असेही नसते. वळताना एवढेच लक्षात ठेवा, मित्रांनो: समोरून येणाऱ्याच्या मागच्या सीटवर कुणीतरी बसलेले असते. तुम्हाला ते दिसत नाही.