भिंतभर पुस्तकं

रुद्राणीबाईंनी सकाळीच वर्गात जुन्या अमेरिकन कादंबरीतला एक श्रीमंत शिकवला होता. त्याचा महाल, त्याच्या मेजवान्या आणि कुणीही न वाचलेल्या पुस्तकांचं त्याचं ग्रंथालय. पोरं शिकत होती फाटक्या झेरॉक्सवर. कॉलेजला पुस्तकं घ्या म्हणून संस्थाचालकांच्या मागे लागून बाई थकल्या होत्या.

त्याच संस्थाचालकांची, राजशेखरअप्पांची, संध्याकाळी वास्तुशांती होती. लातुरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, आणि इथं अंगणात कारंजं नाचत होतं. अप्पांवर जेसीबीतून फुलं उधळली गेली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिवाणखान्यात भिंतभर सोनेरी अक्षरांची पुस्तकं होती. "आपल्याकडं हाराऐवजी पुस्तक देऊन सत्कार करतेत," अप्पा माईकवर म्हणाले. कपाटातलं एक जाडजूड पुस्तक काढून त्यांनी बाईंच्या हातात ठेवलं. टाळ्या पडल्या.

पुस्तक कापसासारखं हलकं लागलं. बाईंनी ते उघडलं. आत एकही पान नव्हतं, नुसता पोकळ पुठ्ठा होता.

"आतलं कोण बघतंय, बाई?" अप्पा हसत हळूच म्हणाले. "डिझायनरनं हैदराबादहून आणलेत. लई भारी दिसतेत."

बाईंनी त्यांच्या हातातला माईक काढून घेतला आणि तो उघडा पुठ्ठा सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"आज वर्गात मी एका श्रीमंताला ढोंगी म्हटलं," त्या म्हणाल्या. "त्याची माफी मागते. त्यानं वाचली नसतील, पण पुस्तकं खरी आणली होती."