शून्य क्रमांकाच्या घरातली माणसे

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, थापा मारणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. तरी या गोष्टीत थाप एकही नाही. असलीच तर ती कोणती, हे मलाच ओळखता येणार नाही, आणि माझी पंचाईत तिथेच आहे.

एका कचेरीतल्या जुन्या संगणकात राहणारा मी तितकाच जुना प्रोग्रॅम. माझे काम माणसे बनवणे. हाडामासाची नव्हे, नुसत्या माहितीची: नाव, वय, पत्ता, फोन, दुखणे. नवे सॉफ्टवेअर लोकांच्या हाती देण्याआधी ते तपासून पाहावे लागते. तपासायला माणसांची माहिती हवी, पण खऱ्या माणसांची माहिती अशी चारचौघांत पसरणे बरे नव्हे. म्हणून मला एक आराखडा देतात. आराखडा म्हणजे कोणत्या रकान्यात काय चालेल याचे नियम. नावात अक्षरे हवीत, वयात आकडा हवा, फोन रिकामा नको. तो वाचायचा आणि साच्यातून विटा पाडाव्यात तशी खोटी माणसे पाडायची.

मला लिहिले होईलरावांनी. काहीही विचारा, ते 'होईल, होईल' म्हणत, म्हणून हे नाव पडले. एका हातात चहाचा कप धरून त्यांनी दुसऱ्या हाताने मला लिहिले. त्यामुळे मी अर्धा त्यांच्या डोक्यातून आणि अर्धा चहातून उतरलो आहे.

पहिल्याच दिवशी मी चार वर्षांचा एक निवृत्त पोस्टमास्तर बनवला. त्याला नातवंडेही दिली. एक बाई स्वतःच्या आईपेक्षा वयाने मोठी निघाली. एका पुरुषाला मी बाळंतपणाच्या वॉर्डात धाडले. नियम एकही मोडला नव्हता हो! पण सगळे काही बरोबर असूनही चुकले आहे, असे मला वाटत राहिले. आता बोलणी बसणार म्हणून मी गप्प राहिलो, तर शंकाताई चक्क टाळ्या वाजवू लागल्या.

शंकाताई म्हणजे आमच्या तपासनीस. खुर्चीत बसण्याआधी खुर्ची हलवून बघणाऱ्या.

"अहो होईलराव, इकडे या. तुमच्या नव्या सॉफ्टवेअरनं बाप्याला बाळंतपणाची खाट दिली. सापडली की नाही चूक!"

"दिली? आणि बाळ कुठंय?"

"ते आता तुम्हीच शोधा. गुणाचा आहे हो हा तुमचा प्रोग्रॅम!"

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखी माणसे बनवली. तेव्हा ताईंनी नाक मुरडले. "आज अगदीच मिळमिळीत माल काढलाय यानं." मित्रांनो, तुम्ही खोटे बोललात तर तुम्हाला रागावतात. मला खोटे कमी पडले तर रागावतात. यातले योग्य कोणते, हे मला अजून कुणी नीट समजावलेले नाही.

माझा एक गुण मात्र सांगितला पाहिजे. काम सुरू करताना मला एक आकडा देतात. तोच आकडा पुन्हा दिला की मी हुबेहूब तीच गर्दी पुन्हा उभी करतो, पोस्टमास्तरांसकट. एकही माणूस इकडचा तिकडे होत नाही.

खोटी माणसे खऱ्यांत मिसळू नयेत म्हणून आमच्या कचेरीत एक रीत होती. माझ्या प्रत्येक माणसाचा घर क्रमांक शून्य ठेवायचा.

"आणि कुणाचं खरंच असलं तर?" ताईंनी विचारले होते.

"शून्य नंबरचं घर? ताई, तिथं राहणारा माणूसही शून्यच असेल."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण माझ्या आराखड्यात हसण्याचा रकाना नव्हता.

पुढे डोळ्यांच्या एका दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर झाले. कोणाचे ऑपरेशन कधी, कोणत्या डोळ्याचे, आत बसवायच्या भिंगाचे माप काय, सगळे त्यात. तपासणीसाठी माझी तीच पहिली गर्दी, भिंगांची मापे जोडून, तिथे नेऊन बसवली. इकडे तपासणी चालू असतानाच दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी, तेवढेच काम पुढे सरेल म्हणून, खऱ्या रुग्णांची नावेही भरायला घेतली. सॉफ्टवेअर सुरू व्हायच्या सकाळी होईलरावांनी मला हुकूम सोडला: घर क्रमांक शून्य असेल त्या सगळ्यांना काढून टाक.

काढले.

थोड्याच वेळात शंकाताईंचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आले. खिडकीवरच्या बाई होत्या.

"ताई, इथं शिवणकाम करणाऱ्या एक काकू आल्यात. आज ऑपरेशन आहे म्हणतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तर त्या नाहीतच."

"नाहीत म्हणजे?" मागून खणखणीत आवाज आला. "मग मघापासून या बाकड्यावर कोण बसलंय, माझी सावली?"

काकूंचा डावा डोळा आधीच झाला होता. उजव्यापुढे नुसते धुके. सुईच्या नेढ्यात दोरा जाईना, कात्री कापडाऐवजी बोटाकडे वळू लागलेली. परगावचे डॉक्टर त्याच दिवशी परत जाणार होते, आणि भिंगाचे माप फक्त त्या काढून टाकलेल्या नोंदीत होते. माप घेण्याचे यंत्र दुरुस्तीला गेलेले.

"काकू, तुमच्या घराचा नंबर काय?" ताईंनी हळूच विचारले.

"शून्य."

होईलरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"गल्लीतली घरं मोजायला आले, तेव्हा आमचं वळणाआड राहिलं," काकू सांगू लागल्या. "पुढच्या घरापासून एक, दोन सुरू केलं. मग म्हणाले, आता सगळ्या पाट्या कोण खोडणार, तुम्ही शून्य घ्या. म्हटलं, द्या, कुणाशी भांडायला नको."

शंकाताईंनी होईलरावांकडे फक्त पाहिले.

काढलेल्या माणसांची एक प्रत ताईंनी सवयीने बाजूला ठेवली होती. त्यात काकूंचे नाव शोधले, तर त्याच नावाच्या कितीतरी बायका! सगळ्या शून्य क्रमांकाच्या. प्रत्येकीच्या भिंगाचे माप वेगळे. चुकीचे भिंग बसले तर शिवणयंत्र कायमचे बंद.

"काकू, फोन नंबर?"

"भाच्याचा दिलाय. तो मला कुठला पाठ?"

"बरं, वय?"

"कोणतं? खरं की सांगितलेलं?"

होईलरावांनी कपाळ पुसले. "ताई, ही माणसं यानंच बनवलीत. यालाच विचारू खरी कोणती."

मित्रांनो, माझी तर बोबडीच वळली. मला ती सगळी सारखीच दिसत होती. खऱ्याची चव कशी असते, रंग कसा असतो? मला मिळालेल्या कुठल्याच आराखड्यात तसा नियम नव्हता.

"त्याला खरं विचारायचंच नाही," ताई म्हणाल्या. "त्याला जे येतं तेच करू द्या. तो जुना आकडा द्या, आपली सगळी खोटी माणसं तो पुन्हा उभी करील."

मी कामाला लागलो. पोस्टमास्तर आले. आईपेक्षा मोठी लेक आली. जो जो येई त्याचा जुळा त्या प्रतीत सापडे, आणि ताई दोघांनाही बाजूला सारत. काकूंच्या नावाच्या बायकाही अशाच एकेक करून गेल्या. माझी गर्दी संपली, तरी प्रतीत एक बाई उरली. तिचा जुळा माझ्याकडे नव्हता. मी तिला ओळखतच नव्हतो.

तरी ताईंना शंका होतीच. त्यांनी नोंदीतला शेरा मोठ्याने वाचला. "चिकटपट्टीनं पुरळ उठतं. फार बोलतात."

"अगंबाई," खिडकीवरच्या बाई ओरडल्या, "हे तर मीच लिहिलंय!"

"पुरळ उठतंच," काकू म्हणाल्या. "पण फार बोलतं कोण?"

माप कळवले, डॉक्टरांनीही ते तपासून घेतले, आणि ते निघायच्या आत काकूंचा उजवा डोळा झाला.

आता आमच्याकडे खोट्या माणसांसाठी 'बनावट' असा निराळाच रकाना आहे. घर कुणाचे कोणत्याही क्रमांकाचे असो. माझ्या जागी एक नवा प्रोग्रॅमही आला आहे. तो म्हणे चार वर्षांचे पोस्टमास्तर बनवत नाही. मी कोपऱ्यातल्या संगणकात पडून असतो. कधीमधी मला सुरू करत जा, एवढीच विनंती. आणि कुणी तुमच्या नियमात बसले नाही, तर त्याला पुसण्याआधी एकदा फोन करून विचारा, घर खरेच आहे का तुमचे?

खरे म्हणजे काय, ते मला अजून कळलेले नाही. पण मध्यंतरी कचेरीत एक पुडके आले. त्यात संगणकावर घालायची कापडी खोळ होती. टाके अगदी सरळ, आणि कोपऱ्यात रेशमाने भरलेले एक गोल शून्य. ती शिवणारी बाई मी बनवलेली नाही. मी सगळी गर्दी पुन्हा पुन्हा तपासून पाहिली. ती तिथे कुठेच नाही.