चाळणीतली कवळी

इमारतीतल्या बायकांना काकू ओल्या कचऱ्याचं खत चाळायला शिकवत होत्या. तेवढ्यात चाळणीत कवळी वर आली आणि सगळ्या खो-खो हसल्या.

"काकू, ही ओल्यात टाकायची की सुक्यात?" शेजारणीने विचारलं.

काकूंचा चेहरा उतरला. कवळी हरवली तेव्हा त्यांनी काकांना फाडून खाल्लं होतं. काका बिचारे म्हणाले, "असेल बाई, मीच कुठंतरी विसरलो असेन." मग चार महिने बोळक्या तोंडावर रुमाल धरून बोलले आणि मागच्या महिन्यात तसेच गेले.

खरकट्याच्या बादलीला काकू दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

"ह्यांची आहे," त्या हळूच म्हणाल्या. "टाकली मीच, आणि भांडलेही मीच."