थेट विमानात जागा होती

मित्रांनो, मी एक जुनी प्रवासी बॅग आहे. रंगाने काळी, गुडघ्याएवढी उंच. वर ओढायचा दांडा आणि खाली दोन चाकं, त्यातलं एक आता फिरत नाही. माझ्या पोटात सध्या दुलया कोंबलेल्या आहेत आणि मी एका दिवाणाखाली राहते. जगभरचे विमानतळ पाहून आलेल्या बॅगेने असं धूळ खात पडावं, याचं तुम्हाला वाईट वाटेल. वाटून घेऊ नका. माझं दुखणं ते नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बायका ओळीने शिलाईयंत्रांवर बसायच्या. एकीने माझं अस्तर शिवलं, दुसरीने कप्पे बसवले. शेवटच्या बाईने माझी चेन पुन्हा पुन्हा उघडमीट करून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "आपण राहिलो इथेच, ही बघ चालली हिंडायला." दोघी हसल्या. मग मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं.

दुकानातून मला एका आईने निवडलं. तिचा मुलगा कारखान्यांमध्ये बाटल्या भरायची यंत्रं बसवून द्यायचा आणि पहिल्यांदाच परदेशी निघाला होता. आईने मला दुकानभर ओढून पाहिलं, कोपऱ्यावर वळवून पाहिलं, खाली वाकून चाकांना कान लावला.

"आई, कुरकुर ऐकायला हा काय पाळणा आहे?" मुलगा म्हणाला.

"आवाज करणारी वस्तू लोकांच्या देशात नेऊ नये," ती म्हणाली. मग दुकानदाराला म्हणाली, "हीच द्या. गरीब आहे स्वभावाने."

अशी मी त्या घरात आले. माझा मालक, त्याची बायको आणि ही आई. जवळच दुसऱ्या गल्लीत मालकाची मोठी बहीण राहायची. तिला सगळे ताई म्हणायचे.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. मालक नवखा होता, त्यामुळे आमच्या फजितीला तोटा नव्हता. एकदा त्याने यंत्राचा पितळी नळ माझ्या तळाशी ठेवला. तपासणीच्या पडद्यावर तो भलताच काही दिसला असावा. शिपायांनी मला बाजूला घेतलं, हातमोजे चढवले आणि मालकाचे बनियन, पायजमे, पोटदुखीच्या गोळ्या असं सगळं रांगेतल्या लोकांसमोर मांडलं. नळ हाताला लागल्यावर मालक हातवारे करून बाटली कशी भरते ते दाखवू लागला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि शिपायांना हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्या एका फेरीत विमानात जागा नाही म्हणून मला सामानात टाकलं आणि उतरल्यावर पट्ट्यावरून भलत्याच बाईंनी उचललं. त्यांची बॅग हुबेहूब माझ्यासारखी होती. मालक त्यांची बॅग घेऊन गेला आणि हॉटेलात चेन उघडली, तर आत नातवंडांचे झालरीचे फ्रॉक. तो तसाच चुरगळलेल्या शर्टाने कारखान्यात गेला. तिकडे त्या आजीबाईंनी मला उघडलं, मालकाचे कपडे पाहिले आणि डोक्याला हात लावला. मग त्यांनी काय करावं? सगळे शर्ट धुऊन, इस्त्री करून, बटणं तुटली होती तिथे नवी लावून मला परत पाठवलं. ना ओळख ना पाळख. मालक ते शर्ट हातात घेऊन पलंगावर कितीतरी वेळ बसून राहिला. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता. माणसाला दुसऱ्याची माया कळते, असं मला वाटलं.

परत येताना तो आईसाठी हॉटेलातल्या छोट्या साबणाच्या वड्या आणायचा. आई त्या कधी वापरायची नाही. कपड्यांच्या घडीत ठेवायची आणि शेजारणी आल्या की हुंगायला द्यायची. "हा थंडीच्या देशातला," असं सांगायची.

मग मालकाला एका विमान कंपनीने सोनेरी कार्ड दिलं.

हे कार्ड काय असतं ते सांगते. एकाच कंपनीच्या विमानाने वर्षभर पुष्कळ हिंडलात की ते मिळतं. मग तुमची रांग निराळी. विमान यायला वेळ असेल तर तुम्हाला एका शांत दालनात बसवतात. तिथे खुर्च्या मऊ, जेवण हवं तितकं, अंघोळीला गरम पाणी, बुटांना पॉलिश. विमानात जागा मोकळी असेल तर आडवं होऊन झोपता येईल अशी देतात. आणि दारातली मुलगी तुमचं नाव घेऊन स्वागत करते. मालकाला सगळ्यात गोडी लागली ती याची. घरी त्याला सगळे अरे-तुरे करायचे, कारखान्यात साहेब ओरडायचे. इथे मात्र अनोळखी माणसं कमरेत वाकून त्याचं नाव घ्यायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला तर म्हणत नाहीत ना. पुढे पुढे कुणी तसं म्हटलं नाही की त्याचा चेहरा पडायचा.

पण ते कार्ड दरवर्षी नव्याने कमवावं लागतं. फेऱ्या कमी पडल्या की काढून घेतात. त्यामुळे मालक कामाला जिथे जायचं तिथे सरळ जाईना. दोन देश ओलांडून, वळसे घालून जाऊ लागला, पण त्याच कंपनीने. मी ओढली जात होते. माझं एक चाक त्याच सुमारास कुरकुरायला लागलं.

तो सारखा बाहेर असायचा, बायको दिवसभर नोकरीला, म्हणून आई ताईकडे राहायला गेली. तिची छाती अधू झाली होती. दोनदा तिला दवाखान्यात ठेवलं, दोनदा मालक सगळं टाकून धावत आला, आणि दोन्ही वेळा आई उशीला टेकून बसलेली सापडली. "उगाच आलास," ती म्हणाली खरी, पण त्याचा हात काही तिने सोडला नाही.

तिसऱ्यांदा ताईचा फोन आला तेव्हा आम्ही एका दूरच्या शहरात होतो. सकाळची वेळ होती. मालक कारखान्याला निघायच्या तयारीत होता.

"ठोंब्या, निघ," ताई म्हणाली. ती त्याला लहानपणापासून ठोंब्याच म्हणायची. "डॉक्टर म्हणतात, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा."

मालकाने हाती लागेल ते माझ्यात कोंबलं आणि आम्ही विमानतळावर आलो. तो सवयीने आपल्या कंपनीच्या खिडकीशी गेला. मी त्याच्या पायाशी उभी होते. त्यामुळे पुढचा शब्द न् शब्द मी ऐकला आहे.

खिडकीतल्या मुलीने यंत्रात पाहिलं. "थेट विमान आहे, पण ते दुसऱ्या कंपनीचं. मागच्या रांगेत जागा आहे. लगेच निघालात तर आज दुपारी घरी पोहोचाल."

"आणि तुमचं?"

"आमचं वाटेत दोनदा उतरून जातं. उद्या सकाळ होईल." मग तिने कार्ड पाहिलं आणि तिचा आवाज मऊ झाला. "झोपायची जागा देता येईल. आणि या फेरीने तुमचं कार्ड पुढच्या वर्षासाठी पक्कं होतंय. नाहीतर यंदा थोडक्यात हुकलं असतं."

मालक बाजूला झाला. त्याने ताईला फोन लावला. "आता कशी आहे?"

"पहाटेपेक्षा जरा बरी. घोटभर पाणी घेतलं. तू कधी पोहोचतोस?"

मित्रांनो, तो दुष्ट माणूस नव्हता. आईवर त्याचा जीव होता. पण दोनदा असंच घडलं होतं, दोनदा ती उठून बसली होती, आणि 'जरा बरी' हे दोन शब्द त्याला पुरले. त्याने खिडकीकडे एकदा पाहिलं. माझा दांडा त्याच्या मुठीत होता.

"थेट जागाच नाही मिळत गं," तो म्हणाला. "उद्या सकाळी येतो."

"असू दे," ताई म्हणाली. "सांगते तिला."

मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब ठोकली असती. पण बॅगेला नुसतं पोट असतं.

मऊ खुर्च्यांच्या दालनात त्याने अंघोळ केली, जेवला. जेवण त्याला गोड लागलं नसावं, कारण अर्धं तसंच ठेवलं. पण बुटांना पॉलिश मात्र करून घेतलं. विमानात त्याला नावाने हाक मारून गरम टॉवेल दिला, अंगावर पांघरूण घातलं. तो झोपला.

दुसऱ्या थांब्यावर उतरून त्याने फोन सुरू केला आणि तो लगेच वाजला. त्याने ऐकलं, 'बरं' म्हणाला, आणि माझ्यावर बसला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी बसला नव्हता. लोक त्याला वळसा घालून जात राहिले.

सकाळी ताईने दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते.

"काल दिवेलागणीला गेली," ती म्हणाली. "शेवटपर्यंत शुद्धीत होती. सारखी विचारायची, विमान कुठवर आलं. मी म्हणत राहिले, आलंच, आलंच."

मग तिनेच त्याला जवळ घेतलं. "तू रडू नकोस. जागाच नव्हती, तर तू काय करणार होतास?"

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई तेच सांगायची. "बिचाऱ्याला थेट विमान मिळालं नाही हो. दोन विमानं बदलून आला, डोळ्याला डोळा नाही." मी दाराआड उभी होते. झोपेने त्याच्या गालावर उमटलेली उशीची शिवण मला आठवत होती. लोक हळहळत होते, त्याच्या पाठीवर हात ठेवत होते, आणि तो मान खाली घालून ते सगळं घेत होता.

पुढे काही दिवसांनी ताईने आईचं कपाट आवरायला काढलं. आईच्या दुलया माझ्यात भरायचं ठरलं. मालकाच्या दोन्ही हातांत दुलया होत्या, म्हणून फोन वाजला तेव्हा त्याने कोपरानेच बटण दाबलं. गोड आवाज खोलीभर घुमला. मालकाचं पूर्ण नाव घेऊन बाई म्हणाली, "अभिनंदन. मागच्या फेरीला थेट विमानात जागा असतानाही आपण आमच्याच विमानाने गेलात, अशी नोंद आमच्या खिडकीवरच्या सहकारी मुलीने मुद्दाम केली आहे. अशा निष्ठेबद्दल कंपनी आपली आभारी आहे. आपलं सोनेरी कार्ड पुढच्या वर्षीही चालू राहील."

मालकाने दुलया टाकून फोन बंद केला, पण तोवर सगळं बोलून झालं होतं.

ताई कपाटाशी उभी होती. "थेट विमानात जागा होती?"

"ताई, तू म्हणालीस जरा बरी आहे, म्हणून—"

"होती का नव्हती, एवढंच सांग."

"होती."

तिने खाली पडलेली दुलई उचलली, झटकली, घडी केली आणि माझ्यात ठेवली. मग दुसरी. चेन तिनेच लावली. मालक चपला घालून निघून गेला. मला न्यायचं त्याला सुचलं नाही. तेव्हापासून मी ताईच्या बाहेरच्या खोलीत, दिवाणाखाली आहे.

तो अजून फिरतो. नवी चार चाकांची बॅग घेतली आहे असं कानावर येतं. कार्डही टिकून आहे. मधूनमधून तो ताईकडे येतो. मला खालून त्याचे बूट दिसतात, चकचकीत पॉलिश केलेले. पूर्वी तो आला की ताई आतूनच हाका मारायची, त्याच्या हातात कांदे-बटाटे चिरायला द्यायची, उशीर झाला म्हणून चार शब्द सुनवायची. आता ती त्याला म्हणते, बूट असू देत, बस. पंखा लावते. पाण्याचा पेला ताटलीवर ठेवून आणते. प्रवास कसा झाला विचारते.

परवा तो आला होता. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि अगदी नम्रपणे तिने विचारलं, "चहात साखर किती घालू?"

त्याला लहानपणापासून चहा तिच्याच हातचा. बूट क्षणभर हलले, जसे काही तो उठणार होता. मग पुन्हा जमिनीला टेकले.

"एक चमचा," तो म्हणाला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी बॅगेने म्हणायचं असतं की मला जपा, माझी चाकं पुसा, मला अडगळीत टाकू नका. मला तसं काही मागायचं नाही. ओढण्यासाठीच माझा जन्म होता आणि मला भरपूर ओढलं. तुम्ही मोठे व्हाल, दूर दूर जाल, खुशाल जा. मऊ खुर्चीत बसा, गरम टॉवेल घ्या. पण कुणी तुमची वाट बघत पडलं असेल, तर जी वाट लवकर पोहोचवते तिनेच जा. मागच्या रांगेत पाय मुडपून बसावं लागेल, नाव घेऊन कुणी विचारणार नाही, तरी तिनेच जा. आम्हा बॅगांचं काय, आम्ही मागून आलो तरी चालतं. आमची वाट बघत कुणी दाराकडे डोळे लावून बसत नाही.