मागे घेतलेला शाप

कौशल्येनं तापानं फणफणलेलं तान्हं मनकर्णेच्या पायांवर ठेवलं आणि तिथंच जमिनीवर डोकं टेकलं.

"शाप वापस घे, माय. तीन दिस झाले, दूध घेऊन नाई राह्यला."

मनकर्णेनं घाईनं मूल उचलून घेतलं.

"म्या कोनाले शाप देल्ला नाई, बाई."

"मंग बारशातून काही न बोलता काऊन गेली होतीस?"

सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई पेटली होती आणि त्यापायी वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अकोल्यात नव्या माड्या उठत होत्या. कौशल्येचा नवरा किसनराव अशाच एका माडीचा मालक. बारशाला त्याच्या अंगणात मनकर्णेनं स्वतः रचलेला पाळणा म्हणायला घेतला, तर दुसऱ्याच कडव्याला त्यानं हात वर केला.

"गानं पुरे. हिजड्यानं टाळी वाजवावी, आशीर्वाद द्यावा अन् जावं."

मांडव हसला. ती उठून निघून आली. तिच्या त्या गप्प राहण्याचाच लोकांनी शाप केला होता.

दारात तिची गुरू, म्हातारी मैनाबाई उभी होती. घरच्यांनी हाकललेल्या मनकर्णेला सोळाव्या वर्षी तिनंच जवळ केलं होतं.

"हो म्हनू नको, पोरी. एकदा कबूल केलं का जलमभर अंगाले चिकटते."

मनकर्णेनं कौशल्येकडं पाहिलं. तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग पसरले होते. डोळे दोन-तीन रात्री मिटलेले नसावेत.

मनकर्णेनं बाळाच्या माथ्यावर हात ठेवला.

"घेतला," ती म्हणाली. "वापस घेतला शाप. आता घरी जाय. कपाळावर ओली पट्टी ठेव, अन् बोंडल्यानं थोडं थोडं पानी पाजत राय."

मैनाबाई पाठ फिरवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मूल दूध पिऊ लागलं.

त्या आठवड्याच्या बाजारात मनकर्णेला वाट आपोआप मोकळी होत गेली. बायांनी लेकरं पदराआड घेतली. भाजीवाली गंगूबाई एरवी वांगी मोजताना तिला एखादं गाणं म्हणायला लावायची. आज तिनं मान खाली घालून न मागता टोपली भरली.

"आज गानं नाई आयकत, गंगूबाई?"

"ने माय, ने. काही चुकलं-माकलं असंन तं माफ कर."

तरी अमरावतीचं बोलावणं होतं. कापसाचे व्यापारी खुशालराव यांनी तिचा आवाज एकदा देवळात ऐकला होता आणि मुलीच्या लग्नात गाण्यासाठी मुद्दाम निरोप धाडला होता. टाळीसाठी नव्हे, गाण्यासाठी. ठरल्या दिवशी दारात गाडी थांबली. मनकर्णा हिरवं लुगडं नेसून, तुणतुणं काखेला मारून बाहेर आली.

गाडीवान गोवर्धन खाली उतरला, पण दूरच थांबला. पायरीवर त्यानं नवं लुगडं अन् नारळ ठेवला.

"मालकानं हात जोडून सांगतलं हाय. लग्नाले येऊ नका. सूनबाईले दिवस हायेत."

मनकर्णेनं तुणतुणं खाली टेकवलं.

"बरं. सांग त्याईले, मी रागावली नाई."

गोवर्धन हलला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"हे आन घेऊन म्हना, माय. मले तसंच सांगाले लावलं हाय."

तिनं देवाची आण घेतली.

त्यानं वाकून नमस्कार केला आणि तिच्याकडं पाठ न करता, मागं मागं सरत गाडीपर्यंत गेला.