उत्तरेच्या खडकावरची चौकट

होडीसुतार शामे यांच्या धाकट्या मुलीचे, रिझिकीचे, ज्या वर्षी लग्न झाले, त्याच वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. रिझिकीच्या पलंगातून उरलेल्या फणसाच्या लाकडाच्या पट्ट्या शामेंनी जोडल्या, त्यांवर काथ्याच्या दोऱ्या उभ्या-आडव्या ताणल्या आणि मी पाण्यावर तरंगू नये म्हणून कोपऱ्यांना दगड बांधले.

"खिडकी तर झाली," त्यांची बायको म्हणाली, "आता घर कधी बांधताय?"

मला बनवून घेतले नस्राने. ती शहरातून आलेली, समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणारी तरुण बाई. आमच्या पेंबा बेटावरच्या गावात ऑक्टोपस वर्षागणिक लहान होत चालले होते. ते वाढावेत म्हणून खडकाचा थोडा भाग काही महिने पकडीसाठी बंद ठेवावा, हे सगळ्यांना पटले होते. पण कोणता भाग? दक्षिणेचा खडक लांब, तिथे पुरुष होड्या घेऊन जात. उत्तरेचा खडक गावाला लागून. ओहोटीला बायका काठ्या घेऊन तिथे गुडघाभर पाण्यातून चालत जात. त्यांच्याकडे होड्या नव्हत्या. तो खडक हातचा गेला असता, तर त्यांनी चुलीवर काय ठेवले असते?

मला खडकावर फेकायचे आणि माझ्या आत ऑक्टोपसची जेवढी बिळे येतील तेवढी मोजायची, एवढेच माझे काम. माझी एक जुळी बहीण घेऊन नस्रा दक्षिणेला गेली. मला तिने बी मिझे यांच्या हाती दिले. बी मिझे म्हणजे उत्तरेच्या खडकावर जन्म काढलेली म्हातारी; थोरल्या बाईला आमच्याकडे मानाने 'बी' म्हणतात.

"कुठेही टाका, बी," नस्रा म्हणाली होती.

बायकांनी मला वाजतगाजत नेले.

"इथे टाका, इथे छान आहेत!"

"तिकडे नको गं, तिकडे काय आहे बघण्यासारखं?"

मी पडे तिथे बिळेच बिळे. मलाही मोठा अभिमान वाटला.

मग चावडीवर सभा भरली. नस्रा उठून म्हणाली, "उत्तरेच्या खडकाइतकी बिळं कुठेच नाहीत. तो सगळाच बंद ठेवावा असं मला वाटतं."

पुरुष गालात हसले. बायकांचे चेहरे उतरले. बी मिझे उठल्या.

"अगं पोरी, तू पाहुणी! पाहुणीला आम्ही काय फाटकी चटई अंथरायची? जे चांगलं होतं तेच दाखवलं!"

"म्हणजे बाकीचा खडक...?"

"बाकी नुसती वाळू!"

नस्रा कपाळावर हात मारून हसत सुटली. "चूक माझीच. मीच नीट सांगितलं नाही. आता मला फाटक्या चटया पण बघायच्या आहेत."

दुसऱ्या ओहोटीला सगळे गाव खडकावर लोटले. या वेळी नियम एकच: समुद्राकडे पाठ करायची, डोळ्यांवर ओढणी घ्यायची आणि मला डोक्यावरून मागे फेकायचे. पहिल्याच फेकीला मी गावप्रमुख मकामेबाबांच्या पायावर पडले.

"लिही गं नस्रा," बी मिझे ओढणीआडून ओरडल्या, "एक म्हातारा खेकडा!"

मकामेबाबाही पाय चोळत हसले. मग वाळू आली. पुन्हा वाळू. बायका हळहळल्या.

"वाळूसुद्धा मोजायची," नस्रा म्हणाली. "काही नाही, हेही लिहायचं."

दक्षिणेलाही तसेच केले, आणि तिथे मला फेकायला बायका होडीत बसून गेल्या. तेव्हा खरे काय ते दिसले. उत्तरेला बिळे होती ती फक्त खारफुटीजवळच्या एका पट्ट्यात. तिथे माद्या अंडी राखत बसलेल्या. दक्षिणेलाही तसाच एक पट्टा निघाला. गावाने दोन्ही पट्टे बंद केले आणि बाकीचे खडक सगळ्यांना मोकळे ठेवले.

पट्टे पुन्हा उघडले त्या दिवशी ढोल वाजले. एकेक ऑक्टोपस असा, की पोरींचे खांदे वाकले. घराघरातून नारळाच्या दुधाचा वास येत होता. बी मिझे मला गळ्यात अडकवून नाचल्या.

पुढे प्लास्टिकच्या हलक्या चौकटी आल्या. मी बी मिझेंच्या अंगणात टांगली गेले. माझ्या दोऱ्यांवर मासळी वाळू लागली. एकदा बकरीने माझ्यात डोके घातले आणि दिवसभर मला गावात हिंडवले. तक्रार नाही, पण कुणी कधी गोड्या पाण्याने धुतले असते तर माझ्या दोऱ्या अजून टिकल्या असत्या.

मित्रांनो, आपल्या जवळच्या समुद्रावर प्रेम करा, पण त्याला नीट पाहूनही घ्या. जे सुंदर आहे ते पाहा आणि जे ओसाड पडले आहे तेही पाहा. मोजमाप करणाऱ्या माणसांना मदत करा. आणि एकदा सर्वांनी मिळून ठरवले, की ते पाळा.

सुतार शामे रिझिकीला तिसरे मूल झाले त्या वर्षी वारले. बी मिझे गेल्या वर्षी, रमजानच्या आदल्या महिन्यात वारल्या. तेव्हा उत्तरेचा पट्टा पुन्हा बंद होता. दफन करून पुरुष परतले, तेव्हा ओहोटी लागली होती आणि बिळे हाताच्या अंतरावर होती. पाण्यात कुणीही उतरले नाही. त्या दिवशी मातीला आलेल्या माणसांनी भाताबरोबर ऑक्टोपस नव्हे, चवळी खाल्ली.